मास्तरला सांगितलेले आकडे

एक वाजून चार मिनिटांनी निशाचा ठिपका थांबला.

मी अजिंठ्याच्या घाटमाथ्यावर एका चहाच्या हॉटेलात बसलो होतो. हातात मोबाईल, मोबाईलवर नकाशा आणि नकाशावर माझी बायको, म्हणजे एक निळा ठिपका. खाली फर्दापूरहून ती साडेबाराला निघाली होती, तेव्हापासून ठिपका मुंगीच्या पावलांनी वर सरकत होता. मधल्या एका वळणावर तो उभा राहिला. मी म्हटलं, पाणी पीत असेल. सव्वा वाजला तरी तिथंच. फोन लावला तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. त्या घाटात रेंज अशी, की आहे म्हणेपर्यंत गेलेली असते. त्यामुळं निशा थांबली की नुसता फोन मुका झाला, हे कळायला मार्ग नव्हता.

मोटारसायकल समोरच उभी होती. पाच मिनिटांचा उतार. पण जायचं कसं? ही दोनशे किलोमीटरची राइड होती. सकाळी सहाला शहरातल्या छावणीतून निघायचं, फर्दापूरला जाऊन परत यायचं, साडेतेरा तासांच्या आत. आणि नियम असा, की ठरवून दिलेले थांबे सोडून मधे कुठंही घरच्या माणसानं मदत करायची नाही. पाणी द्यायचं नाही, पंक्चर काढायचं नाही, मागून ढकलायचं तर नाहीच. केलं की सायकलवाला बाद. राइड भरवणाऱ्या गारखेड्याच्या क्लबचा हिमांशू, तिशीतला इंजिनिअर, त्यानं हा नियम सगळ्यांना एकदा सांगितला आणि मग माझ्याकडे बघून पुन्हा सांगितला, "बन्सीभाऊ, हे विशेषतः तुमच्यासाठी." लोक हसले. मीही हसलो. थोड्याच भेटींत त्यानं मला बरोबर ओळखलं होतं.

म्हणजे मी खाली गेलो आणि निशा आरामात केळं खात बसलेली असली, तर तिची चार महिन्यांची मेहनत माझ्या हातानं पाण्यात. आणि नाही गेलो आणि... पुढचं मी मनातसुद्धा पूर्ण करत नव्हतो.

मग मी मास्तरला विचारलं. मास्तर म्हणजे माझ्या मोबाईलमधला एआय, चार महिन्यांपासून निशाचा कोच. मी टाइप केलं, 'निशा घाटात थांबलेली दिसते. दहा-बारा मिनिटं झाली. फोन लागत नाही. काळजीचं आहे का?'

उत्तर लगेच आलं. 'गेल्या आठ आठवड्यांच्या नोंदी पाहिल्या. सकाळची नाडी ६६-६७ वर स्थिर आहे. झोप चांगली, धाप नाही, चक्कर नाही, रक्तस्रावाची तक्रार नाही. या नोंदींवरून धोक्याचं काही दिसत नाही. रेंज गेली असेल किंवा निशाताई थोडी विश्रांती घेत असतील. तरी आणखी दहा मिनिटांत संपर्क झाला नाही, तर आयोजकांना कळवा.'

दुसऱ्या कुणाला हे वाचून धीर आला असता. मला आला नाही. कारण त्या आठ आठवड्यांतला एकही आकडा खरा नव्हता. सगळे मी लिहिलेले होते.

मी वाळूजला एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. बावीस वर्षं झाली. दर दोन तासांनी पाच नग उचलायचे, मोजायचे आणि आकडे चेकशीटवर लिहायचे, असं कागदावर ठरलेलं आहे. प्रत्यक्षात शिफ्ट सुटायच्या अर्धा तास आधी आम्ही सगळे एका टेबलाशी बसतो आणि दिवसभराचे आकडे एका दमात उतरवतो. वरची मर्यादा माहीत, खालची मर्यादा माहीत, मधे खेळायचं. सगळे सारखे लिहायचे नाहीत, एखादा जरा वर, एखादा जरा खाली. ऑडिटवाला खूश, साहेब खूश. या कामात माझा हात कुणी धरणार नाही. नग चांगलेच निघत होते हो, म्हणून कधी काही बिघडलं नाही, आणि बिघडलं नाही म्हणून हे वाईट आहे असं कधी वाटलंच नाही.

निशा एकेचाळीस वर्षांची. वाळूजलाच दुसऱ्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. तिकडची बस बंद झाली तेव्हा तिनं आमच्या संस्कृतीची, म्हणजे मुलीची, सायकल काढली आणि बजाजनगरहून रोज कामावर जाऊ लागली. गेल्या मार्चमध्ये महिला दिनाची शर्यत होती, त्यात निम्म्या वयाच्या पोरींना मागं टाकून पहिली आली. तिथं हिमांशू पंच होता. तो म्हणाला, ताई, तुम्ही दोनशे किलोमीटर आरामात कराल. निशा नुसती हसली. हरभऱ्याच्या झाडावर चढलो तो मी.

संस्कृतीनं एका संध्याकाळी माझ्या मोबाईलवर एआयला सगळं समजावून दिलं. आईचं वय, वजन, सायकल कुठली, राइड कधी, आणि मराठीत बोल. निशानं त्याचं नाव मास्तर ठेवलं. रोज पहाटे ती भाकरी थापत असायची, मी मोबाईल ओट्यावर ठेवायचो आणि मास्तर बोलायचा, "निशाताई, आज पस्तीस किलोमीटर, सावकाश." ती तव्यावर भाकरी टाकता टाकता खरोखरच उत्तर द्यायची, "व्हय मास्तर." संध्याकाळी मास्तरचे प्रश्न लेखी यायचे. सकाळी उठल्यावर नाडी किती, झोप किती, धाप लागली का, चक्कर आली का. ते मी भरायचो. निशा बी. ए. झालेली आहे, टाइप माझ्यापेक्षा भरभर करते. पण आमच्या घरात कुठलाही फॉर्म आला की तो माझा. रेशन कार्डापासून संस्कृतीच्या कॉलेजपर्यंत सगळं मीच भरलंय. तिनं कधी मागितलं नाही, मी कधी दिलं नाही.

सुरुवातीला मी इमानदारीत भरलं. नोव्हेंबरच्या शेवटी एका सकाळी तिची नाडी चौऱ्याऐंशी आली. मी चौऱ्याऐंशी लिहिलं. मास्तरनं लगेच आठवडाभर सायकल बंद करायला सांगितली. वर म्हणाला, नाडी एवढी चढण्याचं कारण शोधायला हवं, रक्त तपासून घ्या, डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय दोनशेचं नाव काढू नका.

माझं डोकंच फिरलं. कारण तोवर फ्लेक्स लागला होता. राइडला दोन महिने असताना शुभेच्छांचा फ्लेक्स लावणारा पृथ्वीवर मी एकटाच असेन. बजाजनगरच्या चौकात दहा फुटी, 'सायकलक्वीन सौ. निशाताई बन्सी गाडेकर', मधे ती हेल्मेट घालून, खाली शुभेच्छुक म्हणून मित्रमंडळाची चौदा तोंडं, आणि कोपऱ्यात मी. खरं सांगतो, माझा फोटो तिच्यापेक्षा मोठा आला होता. कारखान्यात रोज कुणी ना कुणी विचारायचं, काय बन्सीभाऊ, वहिनींची तयारी? आता त्यांना काय सांगू, मोबाईल नको म्हणतो?

त्या संध्याकाळी मी मास्तरला लिहिलं, 'सकाळी मोजताना चूक झाली होती. पुन्हा मोजली, ६७.' आणि तिथून सुरू झालं. ६६, ६७, ६६. झोप सात तास. धाप नाही. मी आकडे मोजणं बंद केलं आणि बसवणं सुरू केलं. एकदा मास्तरनं विचारलंसुद्धा, 'आकडे फार सारखे येत आहेत. दर वेळी प्रत्यक्ष मोजता ना?' मला राग आला. मी लिहिलं, 'मी क्वालिटीत आहे, मला शिकवू नका.' तो म्हणाला, ठीक आहे, तुमच्या नोंदींवर विश्वास ठेवून पुढची आखणी करतो.

आणि दर शनिवारी एक प्रश्न असायचा. पाळीत काही बदल? जास्त दिवस, जास्त रक्तस्राव?

डिसेंबरात एका रात्री जेवताना निशा म्हणाली होती, "अहो, ह्या वेळंला अडचण थांबायलाच तयार नाय. दिवाळीच्या पाडव्याला बारा दिस गेलं, आता पंधरा झाले."

मी ताटातून मान वर न करता म्हणालो, "वय झालं की व्हतं तसं."

"जिना चढले तरी धाप लागायलीय. तरी मास्तरला इचारा एकदा."

"इचारतो."

नाही विचारलं. मी पैठण तालुक्यातल्या गावचा माणूस. आमच्याकडे ही गोष्ट बाया बायांशी बोलतात, तीही आवाज खाली करून. ती मी मोबाईलवर लिहू? जो मोबाईल संस्कृतीही उघडते? मी 'नाही' लिहिलं. पुढच्या शनिवारी 'नाही'. त्याच्या पुढच्या शनिवारीही. आठ आठवड्यांत निशानं मला तीनदा सांगितलं. मी आठ वेळा 'नाही' लिहिलं. आणि पहाटे मास्तर म्हणायचा, "निशाताई, तुमची तयारी उत्तम चालली आहे, आज साठ किलोमीटर," आणि ती पदरानं कपाळ पुसून म्हणायची, "व्हय मास्तर."

हे एवढंच असतं, तरी माझ्याकडे तोंड दाखवायला थोडी जागा उरली असती. पण फर्दापूरचं बाकी आहे.

फर्दापूरला परत फिरायचा थांबा होता. निशा तिथं बारा वाजून पाच मिनिटांनी आली. ओठ पिठात बुडवल्यासारखे पांढरे. जानेवारीचं ऊन, पण तिला घाम होता तो उन्हाचा नव्हता. कार्डावर शिक्का घेतला आणि माझ्याशेजारी येऊन बसली. मी लिंबूपाणी दिलं, ते तिनं दोन घोट घेऊन ठेवून दिलं.

"अहो, पाय माझे नायतच असं वाटायलंय," ती म्हणाली. "मास्तरला इचारा की, थांबू का म्हणून. तो म्हणला थांब तर थांबते. मला लाज नाय वाटायची."

मी मोबाईल काढला. पडदा उघडला. दोन सेकंद त्याच्याकडे बघितलं. काहीही टाइप केलं नाही. आणि म्हणालो, "मास्तर म्हणतोय, तयारी पक्की आहे. घाट सावकाश चढ, पुढं सोपं आहे."

"मास्तर म्हणतोय ना?"

"हो."

"मग व्हय," ती म्हणाली आणि उठली. उठताना तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला. मी मोटारसायकलवरून पुढं निघून घाटमाथ्यावर आलो आणि चहा सांगितला.

तो चहा तसाच समोर होता. एक वाजून बावीस मिनिटं. ठिपका तिथंच. दोन सायकलवाले घाट चढून वर आले. मी धावत रस्त्यावर गेलो, ओरडून विचारलं, खाली बाई दिसली का, निळं हेल्मेट? एकानं मान हलवली, नाही. दुसरा म्हणाला, एक सायकल दिसली कठड्याला लावलेली, माणूस नाही दिसला.

मी रस्त्याच्या मधेच उभा राहिलो. एका ट्रकनं हॉर्न दिला, शिवी दिली. बाजूला झालो आणि टाइप करायला लागलो. एवढं सगळं टाइप करायला वेळ नव्हता, म्हणून बोललो. रस्त्यावर, मोठ्यानं, चार लोकांच्या देखत बोललो.

"मास्तर, नोंदी खोट्या आहेत. सगळ्या. नोव्हेंबरपासून नाडी मोजलीच नाही. शेवटची खरी मोजली ती चौऱ्याऐंशी. तिला जिना चढताना धाप लागते. पाळी थांबत नाही, दिवाळीपासून, पंधरा-पंधरा दिवस जातं. आज ओठ पांढरे होते. थांबू का म्हणत होती. मीच पाठवलं."

मग तो बोलला, नेहमीच्याच शांत आवाजात. "आता सांगितलंत ते बरं केलं. माझं आधीचं उत्तर मी मागे घेतो, ते चुकीच्या माहितीवर होतं. रक्त फार कमी झालेलं असू शकतं. थांबू नका. आधी १०८ ला फोन करा आणि रक्तस्रावाचं स्पष्ट सांगा. मग आयोजकांना. मग लगेच तिच्याकडे जा. आडवी झोपवा, पाय उंच करा, अंगावर पांघरूण घाला. गुंगीत असेल तर तोंडात पाणीसुद्धा घालू नका. बोलत राहा तिच्याशी. खाली रेंज नसेल, म्हणून हे आत्ताच नीट ऐका." आणि त्यानं सगळं पुन्हा एकदा सांगितलं.

त्यानं मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

१०८ लावला. सांगताना 'पाळी' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाशी बोललो. पलीकडची बाई नुसतं "किती दिवस?" म्हणाली आणि लिहून घेतलं. हिमांशूला फोन केला. मी नियमाचं काही बोलायच्या आत तो ओरडला, "भाऊ, नियम गेला खड्ड्यात, जा तुम्ही! मी फर्दापूरहून गाडी घेऊन निघतो."

घाट मी कसा उतरलो ते माझं मला माहीत नाही. पहिलं वळण, दुसरं वळण, कठड्यावर वानरांची रांग बसलेली. तिसऱ्या वळणाच्या पुढं सायकल दिसली. कठड्याला नीट टेकवून ठेवलेली, हँडलला हेल्मेट अडकवलेलं. निशा कुठंच नव्हती. मी हाक मारली. कठड्याच्या पलीकडे दरीच्या बाजूला थोडी सपाटी होती, तिथं झाडाच्या सावलीत ती कुशीवर पडली होती, गुडघे पोटाशी घेऊन. गाडी तशीच सोडून मी उडी मारली.

दगडावर रक्त होतं. पडल्याचं नव्हतं.

"निशे," मी म्हणालो. "ए निशे."

तिनं डोळे किलकिले केले. मला ओळखायला तिला वेळ लागला. मी हात पुढं केला तर तिनं हात मागं घेतला. "हात लावू नका," ती म्हणाली. आवाज एवढा लहान की मला वाकून ऐकावं लागलं. "मदत घ्यायची नाय. बाद व्हईल मी. जरा पडते अन् निघते."

मला रडू फुटलं. रडता रडताच मी ओरडलो, "झालीस बाद! मी केलं तुला बाद! पड गुमान!" तिला उताणी केली, पाय उचलून माझ्या मांडीवर घेतले, जॅकेट काढून अंगावर टाकलं. तिचे पाय सायकलवाल्या बाईचे, दगडासारखे घट्ट, पण गार पडले होते. ती पाणी मागत होती. मी नाही दिलं. लग्नाला वीस वर्षं झाली, तिनं मागितलेलं पाणी मी पहिल्यांदा नाही म्हणालो. बोलत राहा, मास्तरनं सांगितलं होतं. काय बोलू? मी तिला संस्कृतीच्या कॉलेजचं सांगितलं, गावच्या विहिरीचं सांगितलं, मग कारखान्यातल्या सगळ्या नगांची नावं सांगितली, बुश, पिन, स्लीव्ह, फ्लँज. तिचे डोळे मिटले की मी आणखी मोठ्यानं बोलायचो. मोजून चौतीस मिनिटं. ही मी खरोखर मोजली. हिमांशूची गाडी आणि रुग्णवाहिका एकामागोमाग आली.

सिल्लोडला सलाईन लावलं, रक्त तपासलं आणि लगेच शहरात पाठवलं. संध्याकाळी सहाला ती शहरातल्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात होती, आणि रक्ताची पहिली पिशवी चढत होती. हिमोग्लोबिन पाच पूर्णांक सहा. निशाला तपासणाऱ्या डॉक्टर चारुताताई म्हणाल्या, "बाराच्या खाली आलं तर आम्ही औषध देतो. ह्यांचं निम्म्याहून कमी आहे. आणि ह्या शंभर किलोमीटर सायकल चालवून आल्या? अजून तासभर तिथं पडल्या असत्या, तर मी तुम्हाला काय सांगितलं असतं, माहीत नाही." गर्भाशयात गाठ दिसत होती, त्यावर उपचार होता. वेळेवर आली असती तर गोळ्यांवर भागलं असतं.

"कधीपासून जातंय जास्त?" त्यांनी निशाला विचारलं.

निशाला आठवायला वेळ लागत होता. मी सवयीनं तिच्यासाठी उत्तर दिलं, "पाडव्यापासून. तेव्हा बारा दिवस. मग आठ दिवस मधे गेले आणि पुन्हा पंधरा दिवस. संक्रांतीपासून रोजच."

डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. निशा माझ्याकडे बघत होती.

"तुम्हाला समदं ध्यानात हुतं?" ती म्हणाली.

मी मान डोलावली.

"मला वाटलं, तुम्ही ऐकलंच नसंल. म्हणून मी तीनदा सांगितलं." ती थांबली, श्वास घेतला. "मग मास्तरला सांगितलं नाय?"

"नाही."

"काय सांगितलं?"

"सगळं ठीक आहे म्हणून."

ती छताकडे बघत पडून राहिली. पिशवीतून थेंब थेंब रक्त नळीत उतरत होतं. बोलली तेव्हा आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "रोज पहाटे मास्तर म्हणायचा, तयारी उत्तम. मला चालायला व्हत नव्हतं. मी म्हणायचे, मशीन खोटं कशाला बोलंल? त्याला काय पडलंय? म्हंजी मीच अंग चोरतीय. मीच आळशी झालेय. म्हणून आणखी जोरात मारायचे पायडल." मग तिनं मान वळवली. "फर्दापूरला काय म्हणला हुता तो?"

मी खाली बघितलं. खोटं तोंडावर आलंही होतं, आयतं, मर्यादेत बसणारं. रेंज नव्हती म्हणून सांगता आलं असतं. "विचारलंच नव्हतं," मी म्हणालो. "मोबाईलकडे नुसतं बघितलं. ते मीच बोललो."

निशानं डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे गेलं, ते पुसायला तिला हात उचलता येईना आणि मला पुसायची हिंमत होईना. तेवढ्यात संस्कृती औषधं घेऊन आली, आईजवळ बसली आणि तिनंच ते ओढणीनं पुसलं. मी दाराकडे निघालो.

"कुठं निघालात?" निशा म्हणाली. "बसा हितं. मोबाईल काढा."

"आता कशाला? पड शांत."

"काढा. माझ्या हाताला सुई हाय. मी सांगते, तुम्ही लिवा. जसं सांगते तसं."

मी स्टूल ओढून बसलो. संस्कृती माझ्याकडे आणि आईकडे आळीपाळीनं बघत होती. निशानं पहिल्यापासून सुरू केलं. पाळी पाडव्याला सुरू झाली. बारा दिवस गेली. रक्ताच्या गुठळ्या पडत होत्या. माझा अंगठा अडखळला. ती थांबली, म्हणाली, "लिवा," आणि मी लिहिलं. रात्री कपडे बदलायला तीनदा उठायचे. कच्चे तांदूळ खावेसे वाटायचे, डब्यातून चोरून खायचे. कंपनीत जिन्यावर मधेच बसायचे. बाया हसतील म्हणून बुटाची नाडी बांधल्यासारखं करायचे. यातलं अर्धं मला तिनं कधी सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलं असेल तेव्हा मी ताटात बघत असेन. पिशवी निम्मी झाली तरी ती सांगतच होती.

शेवटी म्हणाली, "आन् हे लिवा. मी फर्दापूरला इचारलं, थांबू का. नवरा म्हणला, मास्तर जा म्हणतोय. मास्तर तसं म्हणला नव्हता."

मी लिहिलं. एकही शब्द इकडचा तिकडं केला नाही. पाठवायला बोट नेलं तर ती म्हणाली, "थांबा. आधी वाचून दाखवा. मोठ्यानं."

वॉर्डात अकरा खाटा होत्या. शेजारच्या खाटेवरची म्हातारी केव्हाची आमच्याकडे कान देऊन होती. पलीकडे दोघी-तिघी उठून बसल्या होत्या. संस्कृती उभी होती. मी वाचायला सुरुवात केली. पाडवा वाचला, बारा दिवस वाचले, पुढच्या, गुठळ्यांच्या ओळीवर मी थांबलो.

"पुढं," निशा म्हणाली.